डागडुजीच्या दाराने आलेला पाहुणा

महाविद्यालयाच्या कचेरीत प्रवेशाचे दिवस आहेत. खिडकीबाहेर विद्यार्थ्यांची रांग आहे आणि आत लिपिकाने सकाळी संगणक सुरू केला, तो पडद्यावर एक अनोळखी चिन्ह त्याच्या स्वागतास उभे आहे. काल संध्याकाळपर्यंत ज्या ब्राउझरमधून तो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्यांची माहिती भरीत होता, त्याच्या जागी रातोरात दुसराच येऊन बसला आहे. पान अर्धेच उघडते. पावती छापण्याची कळ दाबली तर कागद बाहेर येत नाही. लिपिकाने काही मागविले नव्हते, प्राचार्यांनी काही मंजूर केले नव्हते, खरेदी समितीपुढे असा कोणताही विषय आलेला नव्हता. डेडस्टॉक रजिस्टरात ज्या यंत्रासमोर संस्थेचा क्रमांक लिहिलेला आहे, त्या यंत्रात काल नसलेली वस्तू आज आहे. आणि ती कुणाच्या सहीने आली याचा कागद मात्र कोठेही नाही.

हे चित्र कल्पनेने रेखाटलेले आहे. परंतु गेल्या वीस वर्षांत ज्यांनी कचेरीत संगणकावर काम केले आहे, त्यांपैकी फारच थोड्यांना ते परके वाटेल. असे काही झाले म्हणजे लिपिक शेजारच्या टेबलावरील जाणत्या सहकाऱ्याला हाक मारतो, तो दोन-चार कळा दाबून तात्पुरता मार्ग काढून देतो, रांग पुढे सरकते आणि प्रकरण विसरले जाते. वस्तुतः ते विसरण्याजोगे नाही. संस्थेच्या पैशांतून घेतलेल्या यंत्रावर काय बसवावे हे ठरविण्याचा अधिकार संस्थेचा, की दूर कोठेतरी बसलेल्या निर्मात्याचा, हा प्रश्न त्यात दडलेला आहे, आणि त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

घरच्या संगणकाची गोष्ट निराळी. तेथे पैसे देणारा, जबाबदारी घेणारा आणि कळफलकासमोर बसणारा माणूस बहुधा एकच असतो. संस्थेत ही तिन्ही माणसे वेगळी असतात. पैसे संस्थेचे, म्हणजे अनेकदा अखेरीस जनतेचे; जबाबदारी प्राचार्यांची किंवा कार्यालयप्रमुखाची; आणि प्रत्यक्ष बसणारा लिपिक, ज्याला यंत्र बदलण्याचा अधिकार नाही आणि बदलले तर उत्तर देण्याचे दायित्व मात्र आहे. म्हणूनच मोठ्या संस्थांत सर्व संगणक एका मध्यवर्ती व्यवस्थेखाली ठेवण्याची पद्धत पडली. कोणता प्रोग्राम चालावा, कोणता चालू नये, कोणती सुधारणा केव्हा बसवावी, हे तेथे एक तंत्रज्ञ ठरवितो आणि शेकडो यंत्रांना ते एकाच वेळी लागू होते. नवा ब्राउझर आपोआप येऊन बसू नये यासाठी जी खटपट करावी लागते, ती प्रामुख्याने या व्यवस्थेची आहे.

या खटपटीचा सर्वांत बोलका इतिहास २००६ सालचा आहे. मायक्रोसॉफ्टने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात इंटरनेट एक्स्प्लोररची सातवी आवृत्ती प्रसिद्ध केली आणि नोव्हेंबरापासून ती विंडोजच्या स्वयंचलित सुधारणांच्या मार्गाने जगभरच्या संगणकांवर पाठविण्यास प्रारंभ केला. सहावी आवृत्ती २००१ ची. मधल्या पाच वर्षांत बँका, इस्पितळे, सरकारी खाती यांनी आपापले कामकाजाचे प्रोग्राम त्या सहाव्या आवृत्तीच्या बऱ्या-वाईट सवयींवर बेतून घेतले होते. सातवी आवृत्ती आली की त्यांतले काही बंद पडणार हे उघड होते. मायक्रोसॉफ्टलाही ते ठाऊक होते, आणि तिने प्रकाशनाच्या आधीच संस्थांसाठी एक छोटेसे साधन उपलब्ध करून दिले, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. या साधनाचे नावच 'रोखण्याचा संच' अशा अर्थाचे होते.

या संचाची रचना पाहण्यासारखी आहे. विंडोजमध्ये रजिस्ट्री नावाची एक अंतर्गत नोंदवही असते. संच चालविला म्हणजे तीत एक नोंद पडे. तिच्या नावाचा अर्थ 'आयई ७.० ला परवानगी देऊ नये' असा, आणि तिच्यापुढे १ हा आकडा. आकडा १ असेल तर नवा ब्राउझर या मार्गाने यावयाचा नाही. आकडा ० असेल तर तो येणार. आणि नोंदच नसेल तरीही येणार. सारी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. नकार लेखी नोंदवावा लागतो. होकार मात्र न नोंदविताच गृहीत धरला जातो. मौन म्हणजे संमती हे वचन आपल्याकडे लग्नघरांत चालत आले, परंतु खरेदी-विक्रीच्या व्यवहारात ते कुणी मान्य करणार नाही. वाण्याने महिन्याच्या पिशवीत न मागितलेला डबा घालावा आणि 'नको असे आधी लिहून का दिले नाही' असे विचारावे, त्यातला हा प्रकार आहे.

एकदा दिलेला नकार पुढे कायम राही असेही नव्हते. सातव्या आवृत्तीसाठीची नोंद आठव्या आवृत्तीला अडवीत नसे. मार्च २००९ मध्ये आठवी आवृत्ती आली तेव्हा नवी नोंद, मार्च २०११ मध्ये नववी आली तेव्हा आणखी एक, पुढे दहावी आणि अकरावीसाठी पुन्हा तेच. शिवाय आधी वर्णिलेल्या मोठ्या मध्यवर्ती व्यवस्था ज्यांच्यापाशी होत्या, त्यांना या संचाची फारशी गरज नव्हती. त्यांचा तंत्रज्ञ प्रत्येक सुधारणा आपल्या हाताने पुढे सोडीत असे. संच होता तो ज्यांच्यापाशी अशी व्यवस्था नव्हती त्यांच्यासाठी. आणि ज्यांच्यापाशी व्यवस्था नाही त्यांच्यापाशी तंत्रज्ञही नसतो, त्यामुळे असा संच अस्तित्वात आहे हेच त्यांना कळण्याचा संभव कमी. सातवी आवृत्ती बसण्यापूर्वी 'बसवू का, नको, की नंतर विचारू' असा प्रश्न पडद्यावर विचारला जाई हे खरे. पण तो विचारला जाई तो समोर बसलेल्या व्यक्तीला, संस्थेला नव्हे.

फुकटाची किंमत

येथे कुणी म्हणेल की, ब्राउझर तर फुकट मिळतो. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल एवढी तक्रार कशासाठी? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच वर्षी शिकविले जाते. वस्तूची किंमत शून्य असली म्हणून तिचा खर्च शून्य होत नाही. तो केवळ दुसऱ्या कुणाच्या खात्यावर जातो. जुने प्रोग्राम नव्या ब्राउझरमध्ये चालतात की नाही हे तपासण्याचा, न चालल्यास ते बदलून घेण्याचा, लिपिकांना नव्या रीतीची सवय लावण्याचा आणि खोळंबलेल्या रांगेचा खर्च निर्मात्याच्या ताळेबंदात कोठेही दिसत नाही. तो संस्थेच्या ताळेबंदातही दिसत नाही, कारण वाया गेलेल्या तासांचे व्हाउचर कुणी करीत नाही.

उलट बाजूला, संगणकाच्या पडद्यावरील ती जागा निर्मात्यासाठी किती मोलाची असते, याचा हिशेब न्यायालयांत उघड झालेला आहे. गुगलविरुद्ध अमेरिकी सरकारने चालविलेल्या खटल्यात असे पुढे आले की, ब्राउझरांत आणि फोनांवर आपलीच शोधसेवा मूळची म्हणून राहावी यासाठी गुगलने एकट्या २०२१ साली २,६३० कोटी डॉलर इतरांना दिले. न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी गुगलने मक्तेदारी बेकायदा टिकविल्याचा निर्णय दिला तेव्हा या आकड्याची बरीच चर्चा झाली. एवढी रक्कम कोणी उगाच मोजीत नाही. बहुसंख्य माणसे समोर जे आहे तेच वापरतात, बदल करण्याचे कष्ट घेत नाहीत, या मनुष्यस्वभावाची ती किंमत आहे. ब्राउझर ज्याचा, त्याच्या हाती त्या स्वभावाची किल्ली. तेव्हा नवा ब्राउझर 'फुकट' येतो याचा अर्थ एवढाच की, येथे विकली जाणारी वस्तू ब्राउझर नाही. ग्राहकाच्या पडद्यावरील जागा ही ती वस्तू आहे.

या झगड्याला जुना इतिहास आहे. डिसेंबर १९९४ मध्ये नेटस्केपचा ब्राउझर बाजारात आला आणि पाहता पाहता सर्वत्र पसरला. मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर विंडोजला जोडून देऊन त्याला उत्तर दिले. अमेरिकेच्या न्याय खात्याने आणि अनेक राज्यांनी १८ मे १९९८ रोजी खटला भरला. २००० साली न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला आणि २००१ च्या जूनमध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. कंपनी अखंड राहिली, एवढेच बहुतेकांच्या स्मरणात आहे. परंतु त्याच अपील निकालात एक लहानसा मुद्दा कायम राहिला: इंटरनेट एक्स्प्लोररचे नाव 'काढून टाकता येणाऱ्या प्रोग्रामांच्या यादी'तून वगळणे हे स्पर्धेला मारक होते. वस्तू जोडून देणे एक वेळ समजता येईल, पण ती काढण्याची सोयच न ठेवणे न्यायालयाला मान्य झाले नाही. पुढील पाव शतकात हा मुद्दा पुन्हा पुन्हा वर येत राहिला.

नकाराची दुसरी बाजू

एवढ्यावरून नव्या ब्राउझराला अडविणारी प्रत्येक संस्था शहाणी ठरते असे मात्र नाही. किंबहुना याच इतिहासाचे दुसरे पान नकार देणाऱ्यांच्या विरोधात जाते.

इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती अनेक संस्थांनी सातवी, आठवी येऊन गेल्यावरही सोडली नाही. जानेवारी २०१० मध्ये गुगलने आपल्यावर आणि इतर कंपन्यांवर झालेल्या मोठ्या संगणकी घुसखोरीची माहिती जाहीर केली. ती घुसखोरी इंटरनेट एक्स्प्लोररमधील एका छिद्रातून, आणि मुख्यतः या जुनाट सहाव्या आवृत्तीतून, झालेली होती. जर्मनी आणि फ्रान्स यांच्या सरकारी संगणक-सुरक्षा यंत्रणांनी नागरिकांना तो ब्राउझर काही काळ वापरू नका असा सल्ला दिला. ब्रिटनमध्ये नागरिकांनी सह्या करून सरकारी कचेऱ्यांतून सहावी आवृत्ती काढून टाकण्याची मागणी केली. तिला जुलै २०१० मध्ये मिळालेले उत्तर मासलेवाईक आहे: सर्व प्रोग्राम नव्याने तपासावे लागतील आणि तो खर्च करदात्यांवर पडेल, सबब तूर्त बदल नाही. खर्चाचा मुद्दा खोटा नव्हता. पण थांबण्याचाही खर्च असतो आणि तो दरवर्षी चक्रवाढीने वाढतो, हे त्या उत्तरात कोठेही दिसत नव्हते.

आणखी मोठा धडा २०१७ चा. विंडोजमधील एका गंभीर छिद्राची डागडुजी मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी पाठविली होती. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम नेमका त्याच छिद्रातून जगभर पसरला आणि ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. हा हल्ला ब्राउझरमधून झालेला नव्हता. पण ज्यांनी दोन महिने डागडुजी लांबविली होती, ते त्यात अडकले. तेव्हा 'आमच्या यंत्रावर आम्ही काहीही येऊ देणार नाही' हे ब्रीद स्वाभिमानाचे दिसले तरी शहाणपणाचे नव्हे.

मग खरा दोष कोठे आहे? तो डागडुजी आणि नवा माल एकाच दाराने आत येतात, यात आहे. नळ दुरुस्त करण्यास आलेल्या प्लंबरला कुणी दारात अडवीत नाही. त्याने दर खेपेस बरोबर एक नवे कपाट आणून स्वयंपाकघरात ठेवावयास प्रारंभ केला, तर मात्र काही दिवसांनी घरमालक दारच बंद करील, आणि नळ गळत राहील. एप्रिल-मे २०१७ मध्ये ज्यांची यंत्रे उघडी राहिली, ती सगळी या कारणाने राहिली असे म्हणता येणार नाही. आळस, अज्ञान आणि जुनी यंत्रे हीही कारणे होतीच. परंतु आपोआप येणाऱ्या सुधारणांबद्दल कचेऱ्यांत जो अविश्वास आढळतो, 'अपडेट बंद करून टाका' हा जो घरगुती सल्ला सर्रास दिला जातो, त्याचे मूळ अशाच न मागितलेल्या कपाटांत आहे.

मार्च २००८ मध्ये ॲपलने हेच केले. विंडोजवर गाणी ऐकण्यासाठी ज्यांनी तिचा आयट्यून्स प्रोग्राम घेतला होता, त्यांना सुधारणांच्या यादीत सफारी हा ब्राउझर दिसू लागला, आणि त्यापुढील चौकोनात खूण आधीच केलेली. ज्यांच्याकडे सफारी कधीच नव्हती त्यांना तिची 'सुधारणा' देऊ केली जात होती! फायरफॉक्स तयार करणाऱ्या मोझिलाचे तत्कालीन प्रमुख जॉन लिली यांनी त्यावर उघड टीका केली. सुधारणांच्या मार्गावरील लोकांचा विश्वास अशाने उडतो, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. लिली हे प्रतिस्पर्धी कंपनीचे, हे ध्यानात ठेवूनही त्यांचे म्हणणे योग्यच होते. ॲपलने पुढच्याच महिन्यात यादीचे दोन भाग केले, सुधारणा वेगळ्या आणि नवे प्रोग्राम वेगळे. खूण मात्र आधीसारखीच राहिली.

त्याच वर्षी सप्टेंबरात गुगलचा क्रोम आला. त्याने तर दरवाजाची बाबच निकालात काढली. संगणकाच्या सामायिक भागात न बसता तो वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरात बसे, त्यासाठी तंत्रज्ञाचा संकेतशब्द लागत नसे, आणि नंतर कुणाला न विचारता स्वतःला सुधारून घेई. वापरणाऱ्यांना हे फार सोयीचे वाटले आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याचे फायदेही झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु कुलूपबंद म्हणून ठेवलेल्या संगणकांची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांना मात्र आपल्याच घरात खोली भाड्याने गेल्याचे नंतर कळले. संस्थांसाठी वेगळी, मध्यवर्ती रीतीने बसविता येणारी प्रत गुगलने २०१० च्या अखेरीस उपलब्ध करून दिली.

डागडुजी आणि नवा माल वेगळे करता येत नाहीत, असे निर्माते अनेकदा सांगतात. नवी आवृत्ती हीच डागडुजी, असा त्यांचा दावा असतो; आणि त्यात तथ्य आहे, कारण सातवी आवृत्ती सहावीपेक्षा निश्चितच सुरक्षित होती. पण तो दावा पूर्णतः खरा नाही याची साक्ष निर्मात्यांच्याच कृतीत मिळते. मायक्रोसॉफ्टने २००४ साली विंडोज एक्सपीसाठी दुसरा सर्व्हिस पॅक काढला. तो मुख्यतः सुरक्षिततेच्या डागडुजीचा होता. तो रोखण्याची मुभा तिने संस्थांना दिली ती मुदतीची, आणि १२ एप्रिल २००५ रोजी ती मुदत संपली. दोन वर्षांनी ब्राउझर रोखण्याची जी मुभा दिली तिला मात्र मुदत नव्हती. डागडुजी फार काळ नाकारू देता येत नाही, नवा माल हवा तितका काळ नाकारू देता येतो, हा विवेक त्या कंपनीपाशी होता. मोझिलाने २०११ साली दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढण्याचा धडाका लावला आणि संस्थांकडून ओरड झाली, तेव्हा जानेवारी २०१२ पासून फायरफॉक्सची एक दीर्घ मुदतीची शाखा सुरू केली. तीत सुमारे वर्षभर फक्त छिद्रे बुजविली जातात, रूप आणि रीत बदलत नाही. ती शाखा आजही चालू आहे. सारांश, दोन दारे बांधता येतात. बांधण्याची इच्छा हवी.

इच्छा कमी पडली म्हणजे काय होते याचे उदाहरण २०२० मध्ये मिळाले. विंडोज ७ या जुन्या प्रणालीची सर्वसामान्य ग्राहकांसाठीची मोफत डागडुजी मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबविली. दुसऱ्याच दिवशी तिचा नवा एज ब्राउझर प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो सुधारणांच्या मार्गाने विंडोज ७ वरही पाठविला गेला. डागडुजीसाठी जे दार बंद झाले होते, ते पाहुण्यासाठी उघडे निघाले. या खेपेसही रोखण्याचा संच होता, नोंदवहीतील नवी नोंद होती आणि तिच्यापुढील आकडा १ होता. मध्यवर्ती व्यवस्थेखालील मोठ्या संस्थांचे संगणक यातून बहुतांशी वगळलेले होते. आला तो सुट्या संगणकांवर. म्हणजे घरांत, दुकानांत आणि कोणत्याही व्यवस्थेशी न जोडलेल्या लहान कचेऱ्यांत.

आपल्या कचेऱ्या

महाराष्ट्रातील बहुसंख्य शाळा, महाविद्यालये, पतसंस्था आणि ग्रामपंचायती या शेवटच्या वर्गात मोडतात. त्यांचे संगणक दुकानातून घरगुती ग्राहकासारखेच घेतलेले असतात. त्यांची देखभाल महिन्या-दोन महिन्यांनी येणारा खासगी कारागीर करतो, किंवा ज्याला 'त्यातले कळते' असा एखादा शिक्षक आपले तास सांभाळून करतो. कागदोपत्री ही यंत्रे सार्वजनिक मालमत्ता आहेत. निर्मात्याच्या दृष्टीने ती घरगुती आहेत, आणि वागणूकही त्यांना तशीच मिळते.

दुसऱ्या बाजूने, एका ब्राउझरवर विसंबण्याची खोड आपणच आपल्याला लावून घेतली. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे दिवस आठवावेत. अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या स्वतंत्र फॉन्टावर चालत. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उघडले तर बातमी वाचता येई, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडले तर अक्षरांची खिचडी दिसे. सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी 'हे पान इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उत्तम दिसते' अशी ओळ वर्षानुवर्षे असे, आणि पुष्कळदा तिचा खरा अर्थ 'इतरत्र चालत नाही' असाच होता. ज्याने अशा पायावर इमारत बांधली, त्याला ब्राउझर बदलला की हादरा बसणारच. इंटरनेट एक्स्प्लोररचा आधार जून २०२२ मध्ये संपला आणि १४ फेब्रुवारी २०२३ रोजी विंडोज १० वरून तो एजच्या एका सुधारणेने कायमचा निष्क्रिय करण्यात आला. जो प्रोग्राम न विचारता बसविता येतो, तो न विचारता काढूनही घेता येतो. जुनी पाने उघडण्यासाठी एजमध्ये एक वेगळी सोय ठेवण्यात आली आहे, आणि ती किमान २०२९ पर्यंत राहील असे कंपनीने सांगितले आहे. ही सोय वापरून दिवस ढकलणाऱ्या कार्यालयांनी त्या वर्षाकडे लक्ष ठेवलेले बरे.

दार कुणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न नुसत्या गैरसोयीचा नाही, हे मुंबईच्या उंबरठ्यावर एकदा दिसून आलेले आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रामाच्या सुधारणेच्या मार्गाने 'नॉटपेट्या' नावाचा विध्वंसक प्रोग्राम पसरला. त्या प्रोग्रामाच्या निर्मात्यांचा त्यात हेतू नव्हता. त्यांचेच दार कुणीतरी बळकावले होते. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्याशी संबंधित टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. कीव्हमधील हिशेबनिसासाठी निघालेली सुधारणा उरणच्या रस्त्यावरच्या कंटेनरगाड्या थांबवू शकते, हे त्या दिवसापर्यंत कुणाला सांगितले असते तर हसण्यावारी गेले असते.

कायद्याने काय साधते याचा अनुभव संमिश्र आहे. ऑपेराच्या तक्रारीवरून युरोपीय आयोगाने चौकशी केली आणि डिसेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून, विंडोज वापरणाऱ्यांपुढे निरनिराळ्या ब्राउझरांची निवड ठेवण्याची हमी घेतली. पुढे विंडोज ७ च्या एका आवृत्तीत तो निवडीचा पडदा दिसेनासा झाला, सुमारे दीड कोटी ग्राहकांना तो मिळालाच नाही, आणि मार्च २०१३ मध्ये आयोगाने ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड केला. गंमत अशी की, हा पडदा चौदा महिने गायब होता. बहुसंख्य माणसे समोर असेल तेच वापरतात, या स्वभावाचा हा आणखी एक पुरावा.

भारतातही या प्रश्नाने वेगळ्या वेषात प्रवेश केला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइड फोनांच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. क्रोमसह आपले सारे प्रोग्राम फोनवर आधीच बसविण्याची अट हा त्यातील एक प्रमुख आक्षेप होता. अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार निर्देश रद्द केले. आधी बसविलेले प्रोग्राम ग्राहकास काढून टाकू द्यावेत, हा त्यांपैकी एक. फोनबद्दलचा हा निकाल कचेरीतील संगणकास लागू नाही. पण दंड वसूल होतो आणि काढण्याची सोय मात्र मिळत नाही, यात ग्राहकाच्या पदरी काय पडले, हे विचारण्याजोगे आहे.

न्यायालयांची वाट न पाहता करण्याजोगे बरेच आहे. विद्यापीठे, जिल्हा परिषदा आणि राज्य शासन हजारो संगणक निविदा काढून घेतात. निविदेत पडदा किती इंचांचा, स्मृती किती, हमी किती वर्षांची, हे बारकाईने लिहिलेले असते. यंत्रावर नंतर काय येऊ शकेल आणि कुणाच्या संमतीने, याविषयी सहसा अवाक्षर नसते. सुरक्षिततेची डागडुजी विनाविलंब यावी, परंतु नवा ब्राउझर अथवा अन्य कोणताही नवा प्रोग्राम संस्थेच्या लेखी संमतीवाचून बसू नये. रोखण्याची नोंद विक्रेत्याने यंत्र देतानाच करून द्यावी. आणि ती केव्हा उठवावयाची ते संस्थेने दरवर्षी एकदा बसून ठरवावे, अशी अट घालण्यास कोणताही नवा कायदा लागत नाही. एकेकट्या महाविद्यालयाला हे जमणार नाही. विद्यापीठाने आपल्या संलग्न महाविद्यालयांसाठी चार तंत्रज्ञ नेमले, तर त्यांच्या वेतनाचा भार आज विखरून वाया जाणाऱ्या तासांपेक्षा जास्त होईल असे वाटत नाही. आणि ज्या संकेतस्थळांवर विद्यार्थ्यांना अर्ज भरावे लागतात ती किमान तीन निरनिराळ्या ब्राउझरांत चालून पाहिल्याखेरीज ठेकेदाराचे बिल मंजूर होऊ नये.

युरोपातील नव्या डिजिटल बाजार कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तेथील विंडोज वापरणाऱ्यांना एज ब्राउझर आपल्या यंत्रावरून काढून टाकता येतो. ही मुभा युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरती देण्यात आली. तीच कंपनी, तीच विंडोज, तोच ब्राउझर. लिस्बनमधल्या शाळेच्या संगणकावर जी कळ चालू झाली, ती लातूरमधल्या शाळेच्या वाट्याला आली नाही. त्याच महिन्यात भारत सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा अभिप्रायांसाठी प्रसिद्ध केला. एक वस्तू दुसरीला जोडून देण्याच्या प्रथेला त्यात एक स्वतंत्र कलम दिलेले आहे. त्यावर मोठ्या कंपन्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी सविस्तर म्हणणे मांडले. शाळा-महाविद्यालयांच्या संघटनांचा आवाज मात्र त्या चर्चेत ऐकू आला नाही.